काटे कुणाच्या बाजूला?

आमच्या टीव्हीखालच्या खणात जुने चार्जर आणि बंद पडलेले रिमोट यांच्या गर्दीत एक काळा पट्टा पडलेला आहे. त्याला काडेपेटीएवढी एक डबी आणि डबीच्या आतल्या बाजूला धातूचे दोन बोथट खिळे. सोबत रिमोट. रिमोटवर तीन बटणं: एक आवाजाचं, एक कंपाचं आणि तिसऱ्यावर विजेची खूण. साडेतीन हजार रुपये मोजले होते. वापरला एकूण तीन दिवस. आजचा लेख त्या तीन दिवसांबद्दल आणि त्यामागच्या दोन हजार वर्षांबद्दल आहे.

तर मंडळी, आधी ते तीन दिवस.

आमचा बंड्या म्हणजे अर्धा लॅब्रेडॉर आणि अर्धा गल्लीतला. स्वभावानं अगदी गरीब, पण आवाज असा की तिसऱ्या बिल्डिंगमधलं तान्हं मूल उठावं. गेल्या पावसाळ्यात सोसायटीचं दुसरं पत्र आलं. तिसरं येण्याआधी काहीतरी करणं भाग होतं. आता सॉफ्टवेअरवाल्या माणसाला काही अडचण आली की तो आधी काय करतो? अर्थातच, गॅजेट शोधतो. मीही शोधलं. दोन दिवसांत कुरिअर दारात!

आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं (एवढी अक्कल होती). खालच्या आकड्यांवर मुंग्या आल्यासारखं वाटलं, वरच्या आकड्यांवर हातातला चहा सांडला. मग ठरवलं, मधला आकडा ठेवायचा. पहिल्या दिवशी बंड्या भुंकला, मी बटण दाबलं, बंड्या गप्प. दुसऱ्या दिवशीही तेच. 'बग फिक्स झाला' असं मी बायकोला जाहीर करून टाकलं. ती काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा फाटकातून आत येत होते. हे आजोबा रोज खिशातून एक ग्लुकोज बिस्कीट काढून बंड्याला देतात. त्यांना पाहून बंड्या आनंदानं भुंकला आणि मी सवयीनं बटण दाबलं. बंड्या केविलवाणा ओरडला आणि त्यानं पाहिलं ते माझ्याकडे नाही, आजोबांकडे. दुसऱ्या दिवसापासून आजोबा दिसले की तो शेपूट आत घेऊन माझ्या पायांमागे लपायला लागला. त्यानंतर एकदा तर त्यांच्यावर चक्क गुरगुरला. आजोबा बिस्कीट हातात धरून तसेच उभे. म्हणाले, "काय रे, मी काय केलं याला?"

मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली.

झालं काय होतं, ते माझ्यासारख्याला खरं तर लगेच कळायला हवं होतं. सिस्टिम बंद पडली की आपण लॉग उघडतो आणि त्या सेकंदाला काय चालू होतं ते बघतो. बंड्यानंही तेच केलं. त्याच्या लॉगमध्ये 'मी भुंकलो' ही नोंद नव्हतीच, 'आजोबा आले आणि मानेला काहीतरी चावलं' अशी नोंद होती. बटण माझ्या खिशात होतं हे त्याला कसं कळणार?

पट्टा खणात गेला. पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला, की ही वस्तू मुळात आली कुठून? कुत्र्याच्या गळ्यात त्याला टोचणारं काहीतरी घालावं हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? गेले काही शनिवार-रविवार त्याच्यामागे गेले. आणि गंमत म्हणजे, सर्वात जुन्या वर्णनात काटे आहेत, पण ते उलट्या बाजूला आहेत!

मार्कस व्हॅरो नावाचा एक रोमन पंडित होता. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, त्यानं शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात धनगरी कुत्र्यांसाठी 'मेलियम' नावाचा गळपट्टा सांगितला आहे. जाड चामड्याचा पट्टा, त्यात बाहेर टोकं काढलेले खिळे. लांडगा हल्ला करताना मान धरतो, म्हणून ही सोय. पण मला आवडलं ते पुढचं. खिळ्यांची डोकी आतून मानेला लागू नयेत म्हणून त्यांच्यावर मऊ चामडं शिवून घ्या, असं तो बजावतो. शिवाय म्हणतो, एकदा लांडग्याला हे टोचलं की ज्या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नाही तीही सुरक्षित होतात. म्हणजे काटे लांडग्यासाठी आणि मऊ बाजू कुत्र्यासाठी. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे डिझाइन, पण वापरणाऱ्याचा विचार आजच्या कितीतरी वस्तूंपेक्षा जास्त केलेला.

हा पट्टा पुढे जगभर टिकला. तुर्कस्तानातल्या कांगाल कुत्र्यांच्या गळ्यात तो आजही दिसतो. आपल्या हिमाचलात गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांना बिबट्यापासून वाचवायला लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात लीड्स कॅसल नावाचा किल्ला आहे, तिथे फक्त कुत्र्यांच्या पट्ट्यांचं एक संग्रहालय आहे. गेल्या पाच शतकांतले शंभरावर पट्टे तिथे मांडलेत, आणि त्यातल्या जुन्या लोखंडी पट्ट्यांचे काटे बाहेर आहेत.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. बिबट्याच्या भीतीनं शेतात जाणाऱ्या बायाबापड्या स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालत होत्या. व्हॅरोचा मेलियम, माणसाच्या गळ्यात! ते फोटो पाहून वाईट वाटलं, पण पट्टा मुळात कशासाठी होता हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी सांगितलं नसतं.

मग काटे आत कधी वळले?

पट्ट्याचं दुसरं काम, म्हणजे बांधून ठेवणं, तेही जुनंच. पोंपेईत इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घराच्या उंबऱ्याशी 'कुत्र्यापासून सावध' असं लिहिलेलं मोझेक आहे. त्यातल्या काळ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे आणि त्याला साखळी. पण बांधणं वेगळं आणि शिकवण्यासाठी दुखवणं वेगळं.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये प्रश्न असा होता की जंगलातली हरणं राजाची. शेतकऱ्याचं कुत्रं त्यांच्यामागे लागता कामा नये. उपाय काय, तर कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटायची! १२१७ च्या जंगलविषयक सनदेत याचे रीतसर नियम आहेत, आणि छाटली नाहीत तर तीन शिलिंग दंड. आपल्याकडे उनाड गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, ते याच्यापुढे फारच सौम्य म्हणायचं. इथे बिचाऱ्या कुत्र्याचा काही फायदा नव्हता. फायदा होता तो राजाच्या हरणांचा.

पुढे बंदुका आल्या आणि शिकारी कुत्र्याचं कामच बदललं. पॉइंटर जातीच्या कुत्र्यानं पक्षी दिसताच जागच्या जागी थिजून उभं राहायचं, झेप घ्यायची नाही. म्हणजे त्याच्या रक्तातच असलेली गोष्ट ऐन वेळी थांबवायची. इथे आत काटे असलेला पट्टा कामाला आला. त्याला लांब दोरी, आणि झेप घेतली की हिसका. इंग्रजीत या शिक्षणाला 'डॉग ब्रेकिंग' म्हणत, म्हणजे शब्दशः कुत्रा मोडणं. आपण 'वठणीवर आणणं' म्हणतो तसलंच. १८४८ मध्ये हचिन्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात काटेरी पट्ट्याचा उल्लेख आहे, पण गृहस्थाचा ओढा मायेनं शिकवण्याकडे होता. १८८२ मध्ये अमेरिकेत हॅमंड नावाच्या लेखकानं तर पुस्तकाच्या नावातच भांडण मांडलं, 'शिकवणं विरुद्ध मोडणं'. काठी-चाबूक सोडा आणि मांसाचे तुकडे द्या, असं त्याचं सांगणं. म्हणजे बक्षीस देऊन शिकवण्याची कल्पना आजकालच्या मऊ लोकांची टूम आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला १८८२ हे साल सांगा.

पण जिंकली दुसरी बाजू. १९१० मध्ये जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं पुस्तक आलं. माणूस हुशार. कुत्र्याला माणसासारखी नीती-अनीती कळत नाही, आणि शाबासकी असो की शिक्षा, ती त्याच क्षणी झाली तरच उपयोग, हे त्यानं फार लवकर ओळखलं होतं. (आजोबांच्या प्रसंगात मी नेमका इथेच चुकलो.) पण त्याची साधनं होती काटेरी पट्टा आणि छडी. पोलीस आणि लष्करातून ही पद्धत जगभर पसरली.

घरातल्या कुत्र्यांपर्यंत ती आली अमेरिकेतून. १९३३ मध्ये न्यूयॉर्कजवळ हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी कुत्र्यांच्या आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. पुढे गावोगाव शिकवण्या निघाल्या आणि त्यांच्यासोबत चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, घरोघरी गेली. १९६२ मध्ये विल्यम केलर याचं पुस्तक आलं. हा डिस्नेच्या चित्रपटांतल्या प्राण्यांना शिकवायचा. पडद्यावर गोड दिसणारी कुत्री, आणि पुस्तकात साखळी, लांब दोरी आणि सणसणीत हिसके. पुस्तक प्रचंड गाजलं. छडीशिवाय विद्या येत नाही असं मानायचा तो काळ, तिथे कुत्र्याची काय कथा!

आता यातली चुटपुट लावणारी गोष्ट सांगतो. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९५१ मध्ये, स्किनर या मानसशास्त्रज्ञानं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये प्राण्यांना कसं शिकवावं यावर सोपा लेख लिहिला होता. टिकटिक आवाज करणारं एक खेळणं घ्या, योग्य कृती झाली की त्या क्षणी वाजवा आणि खाऊ द्या. बस्स. त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपं तर १९४७ पासून याच तत्त्वावर प्राणी शिकवण्याचा धंदा करत होतं. थोडक्यात, डॉक्युमेंटेशन तयार होतं. वाचायला कुणी तयार नव्हतं.

आणि मग वीज आली. अमेरिकेत शिकारी कुत्री रॅकून सोडून हरणांमागे पळायची. कुत्रा अर्धा मैल लांब, तिथे दोरी कशी पोहोचणार? म्हणून रेडिओनं चालणारा पट्टा. (पुन्हा हरणंच! १२१७ मध्ये नखं, आता विजेचा झटका.) १९६८ मध्ये ॲरिझोनात ट्राय-ट्रॉनिक्स ही कंपनी निघाली, जी पुढे २०११ मध्ये गार्मिननं विकत घेतली. सुरुवातीच्या पट्ट्यांत झटका कमी-जास्त करायची सोयच नव्हती. एकच झटका, तोही जबरदस्त. १९७३ मध्ये रिचर्ड पेक यानं जमिनीत पुरलेल्या तारेच्या 'अदृश्य कुंपणा'चं पेटंट घेतलं. कुत्रा तारेजवळ गेला की आधी आवाज आणि मग झटका.

नेमक्या याच काळात, १९६७ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. वाचून झोप लागली नाही. काही कुत्र्यांना असे झटके दिले की ते त्यांना कसेही करून टाळता येऊ नयेत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं की एक छोटा अडथळा ओलांडला की झटका चुकतो. बाकीच्या कुत्र्यांनी पटकन उडी मारली. पण या कुत्र्यांपैकी बहुतेकांनी उडी मारलीच नाही. ती पडून राहिली आणि झटके सोसत राहिली. 'आपण काहीही केलं तरी उपयोग नाही' हेच ती शिकली होती. पहिल्या दोन दिवसांतला 'गप्प' बंड्या मला इथे आठवला. मी ज्याला शहाणपण समजलो ते नक्की काय होतं?

दुसऱ्या बाजूची हवा बदलली ती चक्क डॉल्फिनमुळे. १९६३ च्या सुमारास हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिनना शिकवायच्या. डॉल्फिनला पट्टा घालणार कुठे? छडी मारणार कशी? मारायला गेलात तर तो सरळ पोहत निघून जाणार. त्यामुळे त्यांच्यापुढे मासा आणि शिट्टी एवढाच मार्ग होता आणि तो उत्तम चालला. त्यांचं १९८४ चं पुस्तक आलं आणि हळूहळू कुत्रेवाल्यांनीही टिकटिक करणारं खेळणं हातात घेतलं. स्किनरच्या लेखानंतर तेहतीस वर्षांनी!

आज काय स्थिती आहे? जर्मनीत २००६ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं प्रशिक्षणासाठी विजेचे पट्टे वापरण्याला मनाई असल्याचा निर्वाळा दिला. वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. इंग्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून बंदी यायची होती, पण हाउस ऑफ कॉमन्सची मंजुरी न मिळाल्यानं ती तारीख तशीच उलटली. अमेरिकेत पेटको या मोठ्या दुकानसाखळीनं २०२० मध्ये असे पट्टे विकणं थांबवलं. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याला विनाकारण वेदना देणं गुन्हा ठरवतो. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं हाही त्यात गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

संशोधन मात्र एकसुरी नाही, तेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात ६३ कुत्री होती. बोलावल्यावर परत येण्यासारख्या गोष्टींत बक्षिसानं शिकलेली कुत्री विजेच्या पट्ट्यावर शिकलेल्यांपेक्षा मागे नव्हती, उलट थोडी पुढेच होती. दुसरीकडे २०२४ मध्ये ॲरिझोनातल्या १९ कुत्र्यांच्या अभ्यासात, पळत्या वस्तूचा पाठलाग थांबवायला विजेचा पट्टा लवकर लागू पडला आणि खाऊ तेवढ्या थोड्या दिवसांत पडला नाही. म्हणजे 'उपयोगच होत नाही' असं म्हणणं खोटं ठरेल. काही ठिकाणी होतो. प्रश्न असा आहे की कुत्रं त्यासोबत आणखी काय काय शिकतं. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये पहारा शिकणाऱ्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर अभ्यास झाला. झटके खाल्लेली कुत्री मैदानाबाहेरही, म्हणजे झटका नसतानाही, जास्त ताणाखाली दिसली. मालक जवळ असणं म्हणजे झटका येणार, अशी गाठ त्यांनी मारली होती. माझ्याकडे ती गाठ आजोबांशी बसली, एवढाच फरक.

एवढं वाचल्यावर पट्टा निवडायचा कसा? माझ्यापुरतं ठरवलं ते सांगतो, पटलं तर घ्या.

रोजच्यासाठी साधा रुंद पट्टा. मान आणि पट्टा यांत दोन बोटं सहज जायला हवीत. वाढत्या पिल्लाचा दर आठवड्याला तपासा, पट्टा तेवढाच राहतो आणि मान वाढते.

कुत्रं ओढत असेल तर छातीवरून जाणारा हार्नेस, पुढच्या बाजूला कडी असलेला. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना आणि डोळ्यांचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांना तर हार्नेसच. पट्टा ताणला की डोळ्यातला दाब वाढतो, हे २००६ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे.

आपल्या कारवान हाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसते, त्यामुळे साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. त्यांना मार्टिंगेल म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा चांगला. फार दांडगं कुत्रं असेल तर तोंडावरून जाणारी पट्टी मिळते, आपल्या म्होरकीचीच बहीण. पण तिला हिसका द्यायचा नाही, मान लचकते.

चोक चेन मी घेणार नाही. तुमच्याकडे असेलच तर कुत्रं एकटं असताना ती गळ्यात कधीही ठेवू नका. खिळ्यात किंवा फाटकात अडकली तर ती सुटत नाही, आवळतच जाते.

आणि विजेचा पट्टा? भुंकणं, घाबरणं, गुरगुरणं यांवर तर मुळीच नाही. भीतीवर आणखी भीती घालून ती कमी होत नाही. पट्टा तासन्‌तास गळ्यात ठेवला तर खिळ्यांच्या दाबानंच कातडीला जखमा होतात, बटण न दाबताही. आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, कारण कित्येकदा भुंकण्यामागे दुखणं असतं. बंड्याच्या भुंकण्यामागे शेवटी काय निघालं? कंटाळा. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात आणि तो गॅलरीत. सकाळचं फिरणं वीस मिनिटांवरून पन्नासवर नेलं आणि गॅलरीचं दार दुपारी बंद ठेवलं. सोसायटीचं तिसरं पत्र आलेलं नाही.

कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. मला आता वाटतं की शेपूट सरळ का करायचं होतं, हे आधी विचारायला हवं. व्हॅरोला पट्टा कशासाठी ते पक्कं माहीत होतं, म्हणून त्यानं काटे बाहेर ठेवले आणि आत मऊ चामडं शिवलं. मला माहीत नव्हतं. मला फक्त सोसायटीचं पत्र टाळायचं होतं. तेव्हा कुठलाही पट्टा हातात घेतला की मी आता आधी उलटा करून आतली बाजू बघतो.

राहता राहिले आजोबा. दोन आठवडे मी त्यांना टाळत होतो. मग एका रविवारी वर गेलो आणि सगळं सांगितलं, तो पट्टाही दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, खिळ्यांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. म्हणाले, "मला वाटलं, माझ्या हाताला औषधाचा वास येतो म्हणून."

नंतर रोज संध्याकाळी ते फाटकापासून वीस पावलांवर बाकावर बसायचे, बंड्याकडे न बघता, आणि मी बंड्याला लांबूनच खाऊ द्यायचो. दर दोन-चार दिवसांनी एक पाऊल पुढे. तीन दिवसांत मोडलेलं जोडायला चार महिने लागले. मागच्या मंगळवारी बंड्यानं त्यांच्या हातून बिस्कीट घेतलं. अजून भुंकत मात्र नाही त्यांना पाहून. तेवढं एकदा भुंकला की बरं वाटेल.